औषध द्यावे, राखणही करावी

धर्मग्रामाच्या कार्यालयात येणाऱ्या माणसांची कामे बहुधा ठरलेली असतात. कोणाला बाप्तिस्म्याचा दाखला हवा असतो, कोणाला लेकीच्या लग्नाची तारीख, कोणाला शाळेच्या प्रवेशासाठी पत्र. परंतु गेल्या काही वर्षांत एक वेगळीच विचारणा वाढली आहे. ती करणारी माणसे इतरांची गर्दी ओसरेपर्यंत व्हरांड्यात थांबतात, आत आल्यावर दार लोटून घेतात आणि पिशवीतून गोळ्यांच्या पट्ट्या काढून आमच्यापुढे ठेवतात. "फादर, पोराला ह्या गोळ्या दिल्यात. डोक्याच्या गोळ्या आहेत म्हणे. एकदा लागल्या की सुटत नाहीत म्हणतात. द्याव्यात की बंद कराव्यात?"

आम्ही वैद्य नव्हे. कोणते औषध, किती आणि किती दिवस, हे सांगण्याचा अधिकार मनोविकारतज्ज्ञाचा. तो आम्ही कधी घेतला नाही आणि ह्या लेखातही घेणार नाही. तथापि ज्या घरात असा आजार शिरतो त्या घराला डॉक्टर महिन्यातून दहा-पंधरा मिनिटे भेटतो. आजार मात्र रात्रंदिवस घरातच असतो. मधल्या काळात ती माणसे शेजाऱ्याला विचारतात, मावशीला विचारतात, भगताला विचारतात आणि फादरलाही विचारतात. म्हणून आपल्या एका वाक्याने काय सांधले जाईल आणि काय मोडेल, एवढे तरी फादरला ठाऊक असावे. ह्या जाणिवेने आम्ही गेली वीस-पंचवीस वर्षे डॉक्टरांना विचारीत आलो, मिळेल ते वाचीत आलो. त्यातून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम आजाराविषयी. छिन्नमनस्कता, म्हणजे ज्याला लोक आता सर्रास स्किझोफ्रेनिया म्हणतात, तो आजार शंभरांतल्या जेमतेम एकाला आयुष्यात केव्हातरी होतो. बहुतेकदा तो ऐन उमेदीत, कॉलेजच्या किंवा पहिल्या नोकरीच्या वयात दिसू लागतो. आसपास कोणी नसताना बोलणे ऐकू येते. सारे जग आपल्याविरुद्ध कट करते आहे असे वाटते. माणूस अंघोळ सोडतो, मित्र सोडतो, एका कोपऱ्यात बसून राहतो. ह्यात कोणाचे पाप नाही, आईबापांनी दिलेल्या वळणाचा दोष नाही, आणि कोणी केलेली करणी तर नाहीच नाही. मेंदूच्या कामकाजात बिघाड होतो आणि त्याची शिक्षा साऱ्या घराला भोगावी लागते.

ह्या आजारावर खरे औषध असे १९५२ पर्यंत नव्हते. त्यापूर्वी जे होते ते म्हणजे उंच भिंती. आपल्या महाराष्ट्रात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे जुनी मनोरुग्णालये उभी राहिली. त्यांतले एकही मराठवाड्यात नव्हते. इकडच्या रुग्णाला एक तर शेकडो मैल दूर नेऊन ठेवायचे, नाही तर गोठ्यातल्या खांबाला बांधायचे, असे दोनच मार्ग पुष्कळ घरांपुढे होते. १९५२ साली पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिन नावाच्या औषधाचा गुण डॉक्टरांच्या ध्यानी आला आणि पहिल्यांदाच असे रुग्ण शुद्धीवर येऊन बोलू लागले. पुढे १९५८ मध्ये हॅलोपेरिडॉल आले. ही औषधे मेंदूतल्या डोपामिन ह्या रसायनाला आवर घालतात. त्यांनी आवाज थांबले, संशय निवळला. पण कित्येकांचे हातपाय ताठरले, हातांना कंप सुटला, एका जागी बसवेनासे झाले, आणि वर्षानुवर्षे औषध घेणाऱ्या काहींचे ओठ व जीभ आपोआप हलू लागली. आमच्या लहानपणी गावातले एक गृहस्थ असे ताठ चालत आणि आम्ही मुले त्यांना हसत असू. ते चालणे आजाराचे नसून औषधाचे असावे, हे पुष्कळ वर्षांनी उमगले.

हा दोष कमी असणारी जी नवी पिढी आली तिला डॉक्टर 'ॲटिपिकल' म्हणजे 'नेहमीच्या नमुन्यात न बसणारी' औषधे म्हणतात. त्यांतले आद्य औषध म्हणजे क्लोझापिन. ह्या एका औषधाची कहाणी समजली की उरलेल्या साऱ्या औषधांकडे कसे पाहावे ते समजते, म्हणून ती थोडी विस्ताराने सांगतो.

स्वित्झर्लंडमधील बर्न शहरातल्या एका कंपनीने १९५० च्या दशकाच्या अखेरीस क्लोझापिन तयार केले. १९७० च्या सुमारास ते युरोपात वापरात आले. हातपाय न ताठरता आजार शमतो हे पाहून डॉक्टर हरखले. परंतु १९७५ मध्ये फिनलंडमधून वाईट बातमी आली. हे औषध घेणाऱ्या काही रुग्णांच्या रक्तातल्या, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी एकाएकी नाहीशा झाल्या आणि साध्या संसर्गाने त्यांतले कित्येक दगावले. अनेक देशांत औषध मागे घेतले गेले. तेथेच ही कहाणी संपायची. पण ज्या रुग्णांना दुसऱ्या कशानेच गुण येत नव्हता त्यांची आठवण डॉक्टरांना स्वस्थ बसू देईना. १९८८ साली अमेरिकेत डॉ. जॉन केन व त्यांच्या सहकाऱ्यांनी इतर औषधांना दाद न दिलेल्या २६८ रुग्णांवर सहा आठवडे अभ्यास केला. जुन्या औषधाने शंभरांतल्या चौघांना गुण आला, क्लोझापिनने तिसांना. त्यानंतर १९८९ मध्ये अमेरिकेत ह्या औषधाला परवानगी मिळाली. पण एका अटीवर. रक्त तपासल्याविना गोळी मिळणार नाही.

रक्तातला तो धोका शंभरांतल्या एकाहूनही कमी जणांना असतो आणि बहुतेक वेळा पहिल्या अठरा आठवड्यांत येतो. म्हणून सुरुवातीला दर आठवड्यास, मग पंधरवड्यास आणि वर्षानंतर महिन्यास रक्त तपासण्याची पद्धत पडली. पेशी घटू लागल्याचे वेळीच कळले की औषध थांबविता येते आणि रुग्ण वाचतो. २०२५ साली अमेरिकेने ह्या तपासणीशी जोडलेली सक्तीची नोंदणी रद्द केली, कारण त्या जाचामुळे गरजू रुग्ण औषधाला मुकत होते. रक्त तपासावे हा सल्ला मात्र तिथेही कायम आहे. वाचकहो, ज्या औषधाने माणसे दगावली तेच औषध आज जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. त्याचा स्वभाव बदलला नाही. त्याच्याभोवती राखण बसली, एवढाच फरक.

ही राखण घरात कशी करावी लागते ते आम्ही एका कुटुंबात पाहिले. त्यांच्या अनुमतीने, नावगाव गाळून लिहीत आहोत.

गोदाकाठच्या एका गावातले हे कापूस पिकविणारे घर. धाकटा मुलगा आमच्या शहरात पॉलिटेक्निकला शिकत होता. वसतिगृहातली मुले पंख्यातून आपल्याविषयी बोलतात असे त्याला वाटू लागले आणि शिक्षण सुटले. दोन औषधे पुरेशा मात्रेत, पुरेसे दिवस देऊन झाली. गुण आला नाही. तेव्हा डॉक्टरांनी क्लोझापिनचे नाव काढले आणि दर आठवड्याच्या रक्ताची गोष्ट सांगितली. आईचा प्रश्न आम्हांला अजून आठवतो. "फादर, दर आठवड्याला रगत काढलं तर लेकरात राहील काय?" दोन-तीन मिलिलिटर म्हणजे अर्धा चमचा, हे आमच्या धर्मग्रामातल्या परिचारिका असलेल्या एका धर्मभगिनीने त्यांना प्रत्यक्ष चमचा दाखवून सांगितले तेव्हा कुठे ती माउली राजी झाली.

दर सोमवारी पहाटेच्या एस. टी. ने मायलेक शहरात येत. सातव्या-आठव्या आठवड्यात तो सगळ्यांबरोबर पंगतीला बसून जेवू लागला. नवव्या आठवड्यात एका नातलगाने त्याला दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका प्रार्थना-शिबिराला नेले. तिथे कोणीतरी त्याला सांगितले, "तुझा विश्वास खरा असेल तर गोळ्या टाकून दे." त्याने त्या टाकल्या. तिसऱ्या रात्री झोप गेली. सहाव्या रात्री तो घरातून निघाला आणि दोन दिवसांनी जालन्याच्या रेल्वे फलाटावर अनवाणी सापडला.

बापाला वाटले, चुकलेल्या दिवसांची भरपाई म्हणून लगेच पूर्वीइतक्याच गोळ्या द्याव्यात. हा विचार किती धोक्याचा आहे हे सर्व कुटुंबांनी ध्यानात ठेवावे. क्लोझापिन दोन दिवसांहून अधिक काळ बंद पडले तर ते पुन्हा अगदी लहान मात्रेपासून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली चढवावे लागते. एकदम पूर्वीची मात्रा दिल्यास रक्तदाब कोसळू शकतो, फिट येऊ शकते. सुदैवाने वडिलांनी आधी विचारले. पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात झाली. पुन्हा सोमवार, पुन्हा एस. टी., पुन्हा रक्त.

दुसऱ्या खेपेच्या पाचव्या आठवड्यात त्याला ताप आला. गावात त्या दिवसांत घरोघरी ताप होता. पण "ह्या औषधावर असताना ताप आला, घसा दुखला, तोंड आले तर घरगुती काढा देत बसू नका, त्याच दिवशी रक्त तपासा," हे डॉक्टरांचे शब्द आईने पदराला गाठ मारून ठेवले होते. तिने शेजाऱ्याची मोटारसायकल मागितली आणि दुपारपर्यंत पोराला प्रयोगशाळेत आणले. पेशी ठीक निघाल्या; ताप साधाच होता. त्या संध्याकाळी तिच्या चेहऱ्यावर जे समाधान होते ते पाहून आम्हांला वाटले की जागृत राहा ह्या प्रभूच्या आज्ञेचा अर्थ ह्या निरक्षर माउलीला आमच्या कितीतरी प्रवचनांपेक्षा अधिक कळला आहे.

आज तो थोरल्या भावाच्या मोटारपंपांच्या दुकानात काम करतो. आजार समूळ गेलेला नाही. "फादर, आवाज येतात कधीकधी," तो म्हणतो, "पण शेजारच्या घरातला रेडिओ असावा तसे. मी त्यांना उत्तर देत नाही."

सर्वांनाच क्लोझापिन लागत नाही. १९९० च्या दशकात रिस्पेरिडोन, ओलॅन्झापिन आणि क्वेटियापिन ही औषधे आली, २००२ मध्ये ॲरिपिप्राझोल आले, आणि बहुतेक रुग्णांना प्रथम ह्यांपैकीच काही दिले जाते. त्यांना दर आठवड्यास रक्त लागत नाही. पण राखण त्यांनाही लागते. ओलॅन्झापिनने भूक वाढते, वजन भराभर चढते, रक्तातली साखर व चरबी वाढू शकते. घरचे लोक म्हणतात, "तब्येत सुधारली." ती सुधारणा नसून मधुमेहाची चाहूलही असू शकते. म्हणून सुरुवातीला, तीन महिन्यांनी आणि पुढे दरवर्षी वजन, कमरेचा घेर, रक्तदाब, उपाशीपोटीची साखर व चरबी तपासून घ्यावी. रिस्पेरिडोनने मुलींची पाळी चुकते, कधी स्तनांतून दूध येते. लाजेने कोणी बोलत नाही आणि मुलगी गुपचूप गोळी बंद करते. आईने प्रेमाने विचारले तर डॉक्टर औषध बदलून देऊ शकतात. ॲरिपिप्राझोलने वजन कमी वाढते, पण काहींना अस्वस्थपणा येतो. क्लोझापिनने रात्री उशी लाळेने भिजते, ते केवळ त्रासाचे. परंतु त्यानेच होणारा बद्धकोष्ठ जिवावर बेतू शकतो, म्हणून शौचाची चौकशी करण्यात संकोच नको. पहिल्या काही आठवड्यांत छातीत दुखणे, धाप लागणे, धडधड होणे ही हृदयाला सूज आल्याची खूण असू शकते. आणि ह्यांपैकी कोणतेही औषध चालू असताना प्रखर ताप, लाकडासारखे ताठलेले अंग आणि भ्रम अशी तीन लक्षणे एकत्र दिसली तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

दोन गोष्टी आपल्या घरांसाठी मुद्दाम सांगतो. पहिली प्रायश्चित्तकाळाविषयी. ह्या चाळीस दिवसांत कोणी बिडी सोडतो, कोणी कडक उपास करतो. बिडी-सिगारेटच्या धुराने क्लोझापिन शरीरातून लवकर निघून जाते. धूम्रपान करणाऱ्याची मात्रा त्या हिशेबाने बसविलेली असते. त्याने एकाएकी बिडी सोडली तर तीच गोळी अंगात साठून जड होते, गुंगी येते, फिटही येऊ शकते. बिडी सोडणे चांगलेच. फक्त आधी डॉक्टरांना सांगून सोडावी. आणि उपासाच्या दिवशी औषध बंद ठेवावे असा ख्रिस्तसभेचा कोणताही नियम नाही. आजाऱ्याला तर उपासाचेच बंधन नाही.

दुसरी गोष्ट आजी-आजोबांविषयी. स्मृतिभ्रंश झालेले वृद्ध रात्री ओरडतात, भटकतात, आणि थकलेली सून ओळखीच्या औषधवाल्याकडून 'झोपेची' म्हणून ह्यांतलीच एखादी गोळी आणते. स्मृतिभ्रंशाच्या वृद्धांमध्ये ह्या औषधांनी मृत्यूचे प्रमाण दीडपटीहून अधिक वाढते असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ मध्येच दिला आहे. कधी नाइलाजाने डॉक्टर थोड्या दिवसांसाठी देतात. पण ते त्यांनी तोलूनमापून द्यावे. आपल्या हाताने नको.

आता "जन्मभर घ्यायची का" ह्या प्रश्नाकडे वळू. ही औषधे दारू-अफूसारखे व्यसन लावीत नाहीत. पहिल्या झटक्यानंतर बरे वाटू लागले तरी निदान वर्ष-दोन वर्षे ती चालू ठेवावीत असे डॉक्टर सांगतात. ज्यांचा आजार पुनःपुन्हा उलटतो त्यांना अधिक काळ, काहींना दीर्घकाळ. कमी करायची असतील तर तीही डॉक्टरांच्या सल्ल्याने, पायरीपायरीने उतरवितात. मधुमेहाची गोळी रोज घेणाऱ्याला आपण वेडा म्हणत नाही, मग ह्याच गोळीची एवढी लाज का?

श्रद्धेचा प्रश्न उरतो, आणि तो टाळणे आम्हांला शोभणार नाही. काही सज्जनांना वाटते की औषध घेणे म्हणजे प्रभूवर अविश्वास दाखविणे. बेनसिराच्या ग्रंथाचा अडतिसावा अध्याय त्यांनी शांतपणे वाचावा. वैद्य आणि औषधी ह्या दोहोंच्या मागे देवाचाच हात आहे, आणि आजाऱ्याने प्रार्थना करावी व वैद्यालाही बोलवावे, अशी शिकवण तिथे आहे. १९९२ साली प्रसिद्ध झालेला ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षणग्रंथ तर स्पष्टच सांगतो की मानसिक आजार ही वेगळी बाब असून त्यावरील उपचार वैद्यकशास्त्राकडे आहे. भूत काढण्याचा विधी करण्यापूर्वी समोर आजार तर नाही ना, ह्याची खात्री करून घेतली पाहिजे. तो गंभीर विधीही महागुरूस्वामींच्या अनुमतीवाचून कोणा धर्मगुरूला करता येत नाही. मग शिबिरातल्या कोणा उत्साही गृहस्थाने तो करण्याचा प्रश्नच कोठे येतो?

६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे मनोरुग्णांना ठेवलेल्या झोपडीवजा आश्रयस्थानाला आग लागली. रुग्ण साखळ्यांनी बांधलेले होते. त्यांना पळता आले नाही. २८ जण जळून मेले. ते ठिकाण दुसऱ्या धर्माच्या श्रद्धास्थानाजवळ होते म्हणून आपण सुटलो असे कोणी समजू नये. जिथे जिथे श्रद्धेच्या नावाने औषध नाकारले जाते तिथे ती साखळी आहेच. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला साखळदंडाने बांधण्यास मनाई केली आहे आणि उपचार हा त्याचा हक्क मानला आहे.

श्रद्धेने काय करावे ह्याचे उत्तर बेल्जियममधील गील गावाने फार पूर्वी दिले. मनोरुग्णांची आश्रयदाती संत डिम्फ्ना हिच्या मंदिरात येणाऱ्या रुग्णांना त्या गावातली कुटुंबे मध्ययुगापासून आपल्या घरी ठेवून घेत आली. आजही तिथे ही परंपरा जिवंत आहे, आणि आता तिच्या मागे रुग्णालय व औषधेही आहेत. आपल्या महाराष्ट्रात डॉ. भरत व डॉ. स्मिता वाटवानी ह्या मनोविकारतज्ज्ञ दांपत्याने १९८८ पासून रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना उचलून, औषधोपचार करून, त्यांच्या घरी पोहोचविण्याचे काम 'श्रद्धा' ह्या संस्थेद्वारे चालविले आहे. कर्जत येथे त्यांचे केंद्र आहे, आणि डॉ. भरत वाटवानी ह्यांना २०१८ चा रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. औषध सुरू झाल्यावर काही आठवड्यांनी एखादा अनामिक आपले नाव सांगतो, मग गाव, मग आईचे नाव. संस्थेने निवडलेले नाव 'श्रद्धा' आहे, आणि तिथे पहिली गोष्ट केली जाते ती उपचाराची. ह्यात विसंगती कोणाला दिसत असेल तर त्याने श्रद्धेचा अर्थ पुन्हा तपासावा.

आपल्या धर्मग्रामांनाही पुष्कळ करता येईल. खेड्यातून रक्त तपासणीसाठी येणाऱ्या मायलेकरांना दोन तास टेकायला सावली व घोटभर चहा देता येईल. ज्याला सोबत नाही त्याच्याबरोबर घाटी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात रांगेत उभे राहता येईल. प्रार्थना-शिबिराच्या दारातच "आपली औषधे चालू ठेवा" अशी पाटी लावता येईल. रात्री-अपरात्री कोणाशी बोलावे हे सुचत नसेल तर २०२२ पासून सुरू असलेल्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक फुकट लागतो, आणि तिथे मराठीत बोलता येते.

आणि एक छोटीशी गोष्ट. रविवारच्या मिस्सात भाविकांच्या प्रार्थनेत आपण कर्करोग्यांसाठी, हृदयरोग्यांसाठी नाव घेऊन प्रार्थना करतो. मनाच्या आजाऱ्यांचा उल्लेख मात्र 'इतर आजारी' ह्या दोन शब्दांत उरकतो. येत्या रविवारी वाचन करणाऱ्याने त्यांच्या आजाराचेही नाव मोठ्याने घ्यावे. बाकावर बसलेल्या एखाद्या आईची मान त्या क्षणी वर उठेल, आणि सोमवारच्या एस. टी. त ती थोड्या मोकळ्या मनाने बसेल.